जेकिल, सुधाकर आणि दाराची कडी

काही पुस्तकं न वाचताच वाचल्यासारखी वाटतात. स्टीव्हन्सनचं 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाईड' हे त्यातलं पहिल्या नंबरचं. सज्जन डॉक्टर औषध पितो, राक्षस होतो, सकाळी परत सज्जन. झाली गोष्ट! ऑफिसात एखादा साहेब सकाळी गोडीत आणि जेवणानंतर खेकसत असला की आपण लगेच म्हणतो, "जेकिल-हाईड आहे रे तो." मीही वर्षानुवर्षं म्हणत आलोय. पुस्तक प्रत्यक्ष हातात घेतलं ते पन्नाशीच्या आसपास. चिंचपोकळीहून ठाण्याला जाणारी सकाळची स्लो गाडी, म्हणजे गर्दीच्या उलट्या दिशेची, त्यामुळे बसायला मिळतं (आयुष्यात एवढं एक सुख पदरात पडलंय). पुस्तक दीडशे पानांच्या आतबाहेरचं. तीन दिवसांत संपलं, आणि मग आठवडाभर डोक्यातून जाईना.

कारण मंडळी, गोष्ट आपण समजतो तशी नाहीच आहे.

आपल्या डोक्यात काय असतं? एका माणसात एक चांगला आणि एक वाईट. औषधाने दोघे सुटे होतात, जेकिल म्हणजे चांगला, हाईड म्हणजे वाईट. पण पुस्तकात असं होत नाही. औषधाने सुटा होतो तो फक्त वाईट. हाईड शंभर टक्के वाईट, कबूल. पण उरलेला जेकिल काही शंभर टक्के चांगला होत नाही. तो आधी होता तसाच राहतो, भेसळीचा. तुमच्याआमच्यासारखा. म्हणजे औषध पिण्याचा निर्णय दर वेळी घेतो कोण? हाईड नव्हे, तो तर अजून जन्मायचाच असतो. निर्णय घेतो तो हा भेसळीचा, शुद्धीतला, शिकलासवरलेला डॉक्टर जेकिल.

सिनेमावाल्यांनी याची पार वाट लावली. 1931 च्या सिनेमात फ्रेडरिक मार्चला जवळजवळ माकडच केलंय (त्याला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, ते सोडा). पाहणाऱ्याला वाटतं, हे दुसरंच जनावर आहे. पुस्तकातला हाईड असा नाही. तो ठेंगणा आहे, जेकिलपेक्षा वयाने लहान दिसतो, आणि त्याला बघून लोकांना शिसारी येते पण का ते सांगता येत नाही. ठेंगणा का, याचं कारण जेकिलच देतो. म्हणे, आयुष्यभर माझ्यातल्या वाईटाला फारसं वापरलंच नव्हतं, म्हणून ते वाढलं नव्हतं. पुढे वापर सुरू झाल्यावर हाईडची उंची वाढल्यासारखी वाटू लागते. व्यायामशाळेचा हिशेब आहे, साधा.

पण मला सगळ्यात धक्का बसला तो शेवटच्या प्रकरणातल्या तपशिलांनी. तिथे जेकिलचा कबुलीजबाब आहे, आणि आपण काय काय तयारी केली ते तो कसं सांगतो बघा. हाईडसाठी सोहो भागात वेगळं घर घेतलं, त्यात सामान लावलं, तोंड बंद ठेवणारी बाई कामाला ठेवली. स्वतःच्या घरातल्या नोकरांना सांगितलं की मिस्टर हाईड नावाचे गृहस्थ येतील, त्यांना अडवायचं नाही. मृत्युपत्र बदललं. हाईडच्या नावाने वेगळ्या बँकेत खातं उघडलं. सही वेगळी दिसावी म्हणून स्वतःचंच अक्षर उलट्या बाजूला कलतं करून सराव केला. आता सांगा, ही कामं कुणी केली? हाईडला एवढा धीर नाही, त्याला तर रस्त्यात आडवी आलेली पोरगीही तुडवून पुढे जायचं असतं. ही कामं जेकिलने केली. दिवसाउजेडी, थंड डोक्याने. ज्या काठीने हाईड पुढे एका म्हाताऱ्या सरदाराला ठार मारतो, ती काठीसुद्धा जेकिलचीच, मित्राने त्याला भेट दिलेली.

जेकिलच्या घराला पुढून छान दार आहे, प्रतिष्ठितांच्या चौकाकडे उघडणारं. मागच्या प्रयोगशाळेचं दार उघडतं दुसऱ्याच गल्लीत. त्याला ना घंटा ना कडी वाजवायची सोय, रंगाचे पोपडे निघालेले. दोन्ही दारं एकाच घराची आहेत हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतही नाही. हाईड येतो-जातो त्या मागच्या दाराने. किल्ली मात्र दोघांची एकच.

स्टीव्हन्सनला हे सुचलं कुठून याची एक हकीकत आहे. तो एडिंबरोचा. त्याच्या लहानपणी घरात एक कपाट होतं, ते विल्यम ब्रॉडी नावाच्या सुताराने केलेलं. हा ब्रॉडी दिवसा शहरातला मान्यवर कारागीर, नगर परिषदेचा सभासद. आणि रात्री? ज्यांच्या घरी कपाटं-कुलपं बसवायची त्यांच्याच किल्ल्यांचे ठसे घेऊन चोऱ्या करायचा. 1788 साली त्याला फाशी झालं. आपले कपडे ज्यात आहेत ते कपाट असल्या माणसाने केलंय, हे आजारी पोराच्या डोक्यात किती खोल गेलं असेल! पुढे स्टीव्हन्सनने मित्राबरोबर ब्रॉडीवर नाटकही लिहिलं. आणि 1885 मध्ये एका दुःस्वप्नातून जेकिलची गोष्ट उभी राहिली. बायकोला पहिला मसुदा पटला नाही म्हणून त्याने तो जाळला आणि काही दिवसांत परत सगळं लिहून काढलं असं सांगतात. पुस्तक आलं जानेवारी 1886 मध्ये. लोकांनी ती विषयवासनेची गोष्ट मानली तेव्हा 1887 च्या एका पत्रात त्याने ते खोडून काढलं. त्याचं म्हणणं असं की दोष जेकिलच्या ढोंगीपणात होता.

आता कबुलीजबाबातली सर्वनामं बघा. माझ्यासारख्या व्याकरणात कच्च्या माणसालाही ती जाणवली. मजा मारतो तेव्हा जेकिल 'मी' असतो. किळसवाणं काही घडलं की 'तो'. मध्येच स्वतःला 'जेकिल' म्हणतो, जणू कुणा तिसऱ्याबद्दल बोलतोय. एके ठिकाणी तर कबूलच करतो की याला 'मी' म्हणणं आपल्याच्याने होत नाही. वाचताना वाटलं, हे शास्त्रज्ञाचं टिपण नाहीच. हा आरोपीचा जबाब आहे. स्वतःचे दोन तुकडे करून दाखवणं हाच त्याचा बचाव.

आणि हा बचाव मी आधी कुठेतरी ऐकलाय. मराठीत ऐकलाय. भरपूर ऐकलाय.

आपली भाषा या बाबतीत फार मायाळू आहे. बघा, 'मी रागावलो' असं आपण क्वचित म्हणतो, 'मला राग आला' म्हणतो. राग बाहेरून आला, पाहुण्यासारखा, मी नुसता घरी होतो. तसंच 'दारू चढली'. आणि सगळ्यात कमाल म्हणजे, 'त्याच्याकडून हात उचलला गेला'. वाक्यात हात आहे, उचलणं आहे, तो उचलणारा कुठेतरी लांब 'कडून'मध्ये उभा आहे. उचलण्याशी त्याचा फार संबंध नाही. स्टीव्हन्सनला इंग्रजीत एवढी कसरत करावी लागली, आपल्याकडे ती सोय तयार आहे.

भुताखेतांचंही तेच. आमचं मूळ कोकणातलं, त्यामुळे या विषयात घराणं समृद्ध आहे. :) मुंजा, हडळ, वेताळ, देवचार, सगळ्यांशी परिचय. पण आमचं भूत बाहेरून लागतं. पिंपळाखालून गेलात, अवेळी नदीवर गेलात, म्हणून धरलं. मांत्रिक आणा, उतारा टाका, गेलं. नारायण धारप मी शाळेत असताना अधाशासारखे वाचले, तिथेही बहुतेक वेळा काहीतरी अमंगळ बाहेरून घरात शिरतं आणि त्याच्याशी झुंज होते. ते वाचून रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासात जायची भीती वाटायची, पण स्वतःची भीती नाही वाटली कधी. गोऱ्यांच्या जुन्या भयकथांनी मात्र एकोणिसाव्या शतकात भूत हळूहळू घरातून माणसात आणलं. पो याने विल्यम विल्सनला त्याच्याच नावाचा सोबती दिला, वाइल्डने डोरियन ग्रेची पापं माळ्यावरच्या तसबिरीत चढवली. जेकिलने तर तेही अंतर ठेवलं नाही.

मग मराठीत जेकिल नाहीच का? लोक पटकन 'तो मी नव्हेच' म्हणतील. 1962 चं अत्र्यांचं नाटक, फिरता रंगमंच आणि पणशीकरांच्या पाच भूमिका. पण लखोबा लोखंडे जेकिल नव्हे. लखोबा आतून एकसंध आहे हो! तो एकच हाईड, कोट पाच. त्याला रात्री झोप लागत असणार. जेकिलला लागत नाही.

आपला जेकिल म्हणजे 'एकच प्याला'मधला सुधाकर. जेकिलचं पुस्तक आलं तेव्हा गडकरी वर्षाचेही नव्हते. जानेवारी 1919 मध्ये ते गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं, बालगंधर्वांची सिंधू. गडकऱ्यांनी जेकिल वाचला होता का वगैरे वादात मला शिरायचं नाही. सांगाडा बघा फक्त. हुशार वकील, चांगला माणूस, कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते. तळीराम म्हणतो, एक प्याला घ्या, दुःख विसराल. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शपथा होतात, मोडतात. घर धुळीला मिळतं. शेवटी दारूच्या भरात त्याच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधू मरणाला टेकते. फौजदार येतो तेव्हा ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, आपणच पडलो म्हणून सांगते.

प्रेक्षक शंभर वर्षं दारूला शिव्या देत रडत आलेत. नाटकाचं नावही तसंच, एकच प्याला, म्हणजे गुन्हेगार प्याला. पण मला वाटतं गडकरी प्रेक्षकांपेक्षा हुशार होते. पहिला थेंब ओठाला लागायच्या आधीचा सुधाकर बघा. मानी, तापट, आपल्या बुद्धीपुढे कुणी उंच उभं राहिलेलं न खपणारा. प्याल्याने नवीन काही ओतलं नाही.

आणि गडकऱ्यांनी एक काम स्टीव्हन्सनपेक्षा धीटपणे केलंय. जेकिलला बायको नाही! अख्ख्या पुस्तकात बाईमाणूस म्हणजे एक मोलकरीण, एक तुडवलेली पोर, आणखी एकदोन. वकील, डॉक्टर, बटलर, सगळे ब्रह्मचारी नाहीतर एकटे. म्हणजे दोन्ही दारांच्या आत राहणारं, जेकिललाही जेवायला वाढणारं आणि हाईडलाही दार उघडणारं असं पुस्तकात कुणी नाहीच. (सिनेमावाल्यांना हे कळलं, त्यांनी भराभर बायका घातल्या.) ती रिकामी जागा गडकऱ्यांनी भरली. तिथे सिंधू बसवली.

आमच्या घरात त्या जागेवर आजी होती.

इथून पुढचं आमच्या नातेवाइकांपैकी काहींना आवडणार नाही. त्यांच्यातले बरेच जण हे पान वाचतात, म्हणून आधीच सांगतो.

आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, गिरणीत मागखात्यात होते. चिंचपोकळीच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. 2024 साली त्यांना शंभर वर्षं झाली असती, म्हणून भावंडांनी ठरवलं की एक छोटी पुस्तिका काढायची, फोटो आणि आठवणी. कुटुंबाच्या ग्रुपवर एका चुलतभावाने फोटो टाकला, खाली एकच शब्द, 'देवमाणूस'. पंचवीस जणांनी हात जोडले. आणि मी ब्लॉग लिहितो म्हणून मुख्य लेख माझ्याकडे आला.

देवमाणूस खोटं नाही. आबा चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखं. गावाहून आलेल्या किती जणांची पत्रं त्यांनी लिहिली आणि आलेली वाचून दाखवली याची गणती नाही. पत्रात वाईट बातमी असेल तर आधी मनात वाचायचे, समोरच्याला चहा पाजायचे, मग सांगायचे. गावचा नवा पोरगा नोकरी शोधायला आला की आमच्याच खोलीत वळकटी टाकायचा. एकदा गावातल्या एकाचा मुलगा देवी येऊन कस्तुरबा इस्पितळात होता, सात रस्त्याला. लोक त्या फाटकाजवळूनही जात नसत. आबा पाळी संपली की रोज तिथे जायचे. मुलगा वाचला, तो माणूस पुढे त्यांच्या बाराव्यालाही आला होता.

आणि हेच आबा पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून आले की आजीला मारायचे.

दारूबंदीचा जमाना होता. 1949 चा कायदा, साठीच्या दशकात सैल होईपर्यंत चांगला कडक, आणि गिरणगावात गल्लोगल्ली हातभट्टी. गूळ, नवसागर आणि काय काय. जेकिलच्या औषधातही एक क्षार आहे, नवसागराची आठवण झालीच मला. शेवटी त्याचा साठा संपतो, लंडनमधली औषधाची दुकानं पालथी घालूनही नवा माल चालत नाही. तेव्हा त्याच्या लक्षात येतं की पहिलाच माल अशुद्ध होता, आणि त्या अनोळखी भेसळीनेच काम होत होतं. म्हणजे शेवटच्या पानांवरही हा गृहस्थ कारण शोधतोय ते मिठात! भेसळ जीव घेते हे खरं, 2015 साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. पण जीव घेणं वेगळं आणि माणूस बदलणं वेगळं.

आमच्याकडेही कारण मिठातच शोधलं गेलं. चाळीतले म्हणायचे, दारू वाईट, माणूस सोनं. आत्या म्हणायची, "ते तेव्हा ते नसायचेच रे." माझे वडील काहीच म्हणायचे नाहीत, विषय निघाला की पेपर वर धरायचे. आजीचा एकदा हात मोडला होता. इस्पितळात तिने सांगितलं, मोरीत पाय घसरला. पुढे कधीतरी परळच्या दामोदर हॉलमध्ये गाववाल्यांनी केलेला 'एकच प्याला' बघायला ती शेजारणींबरोबर गेली होती. परत येताना सगळ्या डोळे पुसत होत्या, आणि ही म्हणाली, "ती कित्याक खोटा बोलली?" शेजारणींना कळेना, हिला काय झालं. हे आत्यानेच मला सांगितलं, हसत हसत.

मी आबांचा हाईड पाहिलेला नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पगार बंद झाला तसा पगाराचा दिवसही बंद झाला. त्यानंतर आबांनी थेंबाला हात लावला नाही. ना व्यसनमुक्ती केंद्र, ना माळ घातली, ना शपथ. थांबले. जेकिलही वकील मित्राला सांगतो ना, मनात आणीन तेव्हा हाईडला घालवू शकतो म्हणून? जेकिलला ते जमलं नाही. आबांना जमलं, आणि खरं सांगू का, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. 1982 मध्ये थांबता आलं, तर 1962 मध्ये?

शेवटची नऊ वर्षं आबा आजीच्या गुडघ्यांना रोज रात्री तेल चोळायचे. ती चोळू द्यायची. बोलायची नाही.

1991 मध्ये ते गेले. तेराव्याला खोलीत माणसं मावेनात, गॅलरीत बसली होती. कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं, दारूने तेवढी वाट लावली, नाहीतर देवमाणूस. आजी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दाराक कडी कोण घाली? दारू?"

आणि परत तांदूळ निवडायला लागली.

ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाळीत दिवसा दार लावत नाहीत. फार तर पडदा. रात्री निजायला कडी, तीही सगळ्यात शेवटी. संध्याकाळी साडेसातला एखाद्या खोलीची कडी वाजली तर ती मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाते, आणि तिचा अर्थही सगळ्यांना कळतो. मग शेजारचे रेडिओ मोठा करतात. आबा गुत्त्यावरून झोकांड्या खात यायचे म्हणतात. पण कडी घालायला विसरल्याचं एकदाही कुणाला आठवत नाही.

जेकिलचं सोहोमधलं घर आणि कलती सही वाचताना मला ठाण्याच्या गाडीत ही कडी ऐकू आली.

एक गोष्ट मात्र जेकिलच्या निमित्ताने नीट समजली. एवढी वर्षं मला वाटायचं, आपल्याला दोनपैकी एक आबा निवडायचे आहेत. एकतर देवी आलेल्या पोराजवळ बसणारे खरे आणि बाकी दारू, किंवा कडी घालणारे खरे आणि बाकी देखावा. दोन्ही करून बघितलं. दुसरं तर कॉलेजात असताना फार आवेशाने केलं. पण त्या पोराजवळ बसणं देखावा नव्हता, बघायला तिथे कुणी नव्हतंच. जेकिलही खरंच दानधर्म करायचा, आजाऱ्यांची सेवा करायचा. एका प्रसंगात तो बागेत उन्हाला बसलाय आणि आपण इतरांपेक्षा किती परोपकारी आहोत या विचाराने खूश होतोय. नेमका त्या क्षणी, औषधाच्या थेंबाशिवाय, तो हाईड होतो. चांगुलपणा खोटा होता म्हणून नव्हे. तो खरा होता आणि जेकिल त्याच्याकडे जमेची बाजू म्हणून बघत होता, वहीत मांडून. ती जमा दाखवून खर्च माफ करून घेणं, हे मी घरात पाहिलंय. जमा आबांची आणि खर्च आजीने भरायचा.

तेव्हा पुस्तिकेसाठी लिहिताना मी सर्वनामांची काळजी घेतली. आबांनी पत्रं लिहिली. आबा कस्तुरबात बसले. आबा पगाराच्या दिवशी दाराला कडी घालून आजीला मारत. आबांनी 1982 मध्ये दारू सोडली. सगळीकडे कर्ता एकच. 'गेला' नाही, 'घडलं' नाही, 'कडून' नाही.

मसुदा ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस कुणीच काही बोललं नाही. (आमच्या ग्रुपवर दोन दिवस शांतता म्हणजे चमत्कार.) मग चुलतभावाचा फोन आला, बाकी लेख झकास आहे, ते एक वाक्य काढ ना, पुढच्या पिढीला कशाला? काकू म्हणाली, आजीलाच ते आवडलं नसतं. एका भाचीने मात्र फक्त विचारलं, आजीचा फोटो पुस्तिकेत किती मोठा आहे? बघितलं तर नव्हताच. आता घातलाय.

आत्याचा फोन सगळ्यात शेवटी आला. ती आता ऐंशीच्या पुढची, ठाण्याला लेकाकडे असते. मला वाटलं, ही रडणार, किंवा तेच म्हणणार, ते तेव्हा ते नसायचे. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"वाचलं मी," म्हणाली. "सुनेने दोनदा वाचून दाखवलं."

मी गप्प.

"एक चूक आहे त्यात. तू नुसतं कडी लिहिलंयस. आपल्या दाराला दोन कड्या होत्या. रात्री निजताना खालची घालायचे. तेव्हा मात्र वरची."

"वरची का?"

"खालच्या कडीला माझा हात पोचायचा," आत्या म्हणाली. "वरची कर ते."